टेपखालचं बोट

३ मार्च, दुपारची सुट्टी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल पोचलं. पेपर तपासून तुझी मान आखडली, नव्या खोलीच्या खिडकीतून गार वारा येतो, वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे खुर्च्या ओढतो, हे सगळं दोनदा वाचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं किती कौतुक करायचं. आपण दोघी फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो, तेव्हा तू पत्राचं काढलंस ते बरं झालं. पत्रात निदान एकमेकींचं बोलणं तोडता येत नाही.

आईला आता पडल्या पडल्या श्वास घेता येतो. शनिवारी तिच्या पोटातलं पाणी सुईने काढलं. किती निघालं ते लिहीत नाही, तू उगाच आकड्याकडे बघत बसशील. पाण्यामागे एक गाठ दिसतेय, तिच्या तपासण्या चालू आहेत. खाट खिडकीजवळची मिळाली म्हणून स्वारी खूश आहे. एकतीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर काढली, तिला खिडकी लागतेच. नर्सने गोळी दिली की आधी पाकिटावरचं नाव वाचते, मग किती मिलिग्रॅमची ते वाचते, आणि मगच तोंडात टाकते. काल शेजारच्या खाटेवरच्या बाईंना पार्सलला सुतळीची गाठ कशी मारायची ते सलाईनच्या नळीवर दाखवत होती. नर्स ओरडली तेव्हा म्हणाली, "अहो, नळी सोडूनच देणार होते मी."

मी आजपासून दुकानात कामावर आले. घरी बसून भिंती किती मोजायच्या. हे पत्र गाद्यांच्या मागे बसून लिहितेय. आमची गादीवाली जिवाची आहे, माझं गिऱ्हाईक आलं तर तीच बघते, आणि साहेब मजल्यावर आले की खोकते.

तुझा पहिला प्रश्न सोपा आहे. "ताई, आठ वर्षं तू ती यंत्रं विकतेस. घरी बसून मालिशचा पट्टा लावला तर चरबी खरंच कमी होते का? हो की नाही, एवढंच लिही."

नाही.

लिहिलं बघ. आठ वर्षांत पहिल्यांदा लिहिलं आणि छत काही कोसळलं नाही. समोर मिक्सरवाला मख्खपणे मिक्सर पुसतोय.

पट्टा थरथरतो, कातडी लाल होते, आखडलेली पाठ मोकळी होते, जरा घाम येतो. थोडा वेळ हलकं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं, मी स्वतः लावून पाहिलंय. दिवसभर उभं राहून पाय दुखले की मी अजूनही लावते. पण चरबी जागची हलत नाही. ती अंगाने खर्च करावी लागते, आणि पट्टा चालू असताना खर्च विजेचा होतो, आपला नाही. कंपनीकडून वर्षातून एकदा एक फिजिओथेरपिस्ट येतो, तोही आम्हाला हेच सांगतो आणि जाताना बजावतो की हे गिऱ्हाइकाला सांगत बसू नका. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही आहे, "योग्य आहार व व्यायामाची जोड आवश्यक." किमतीची चिठ्ठी आम्ही नेमकी त्याच ओळीवर चिकटवतो. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नाही, सगळे करतात.

मग लोक घेतात कशाला, असं तू विचारशील. अगं, त्यांनाही अर्धं माहीत असतं. एक बाई दर बुधवारी येते, दोन लहान मुलांची आई. मी पट्टा लावून यंत्र चालू केलं की दुसऱ्या मिनिटाला खुर्चीत झोपते. वीस मिनिटं तिला कुणी हाक मारत नाही. उठते, डोळे पुसते आणि म्हणते, "आज फरक पडल्यासारखा वाटतोय हो." एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, त्यांना पोटाचं काही नाही, त्यांच्याशी कुणीतरी बोलायला हवं. अशांना मी काय सांगू?

आईकडे पट्टा मी ऑक्टोबरात आणला. नमुन्याचा होता, खोक्याला पोचा पडला होता, साहेब म्हणाले घेऊन जा. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तिचं पोट सुटलं होतं, तेवढ्यावरून ती स्वतःला "न स्वीकारलेलं पार्सल" म्हणायची, ते तुला माहीत आहेच. रोज सकाळी रेडिओ लावून वीस मिनिटं बसायची. दर रविवारी मी कंबर मोजायची आणि ती वहीत लिहून ठेवायची. ती वही दवाखान्यातही घेऊन गेलीय. डॉक्टरबाईंनी बघितली आणि म्हणाल्या, असे पेशंट असतील तर आमचं काम निम्मं होईल.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला आता वेळ नाही. गादीवाली खोकतेय.

गार वाऱ्यात मान उघडी ठेवू नकोस.

तुझी,
ताई


९ मार्च, सकाळ, दवाखाना

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं दोन ओळींचं पत्र परवा मिळालं. "दर रविवारी टेप तुझ्या हातात होती. तुला कसं दिसलं नाही?" खाली सहीसुद्धा नाही. एवढं मोठं पाकीट आणि आत एवढंच. आईने विचारलं काय लिहितेय धाकटी, मी म्हटलं पेपर तपासतेय.

मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेय. इथे सकाळी फरशी पुसतात, त्यामुळे पाय वर घेऊन बसावं लागतं. आत आईचं अंग पुसणं चाललंय. तिचे हात पाहिलेस तर ओळखणार नाहीस, इतके बारीक झालेत. चेहराही. गेल्या दोन-तीन महिन्यांत उतरत गेला आणि शेजारीण म्हणायची, "वा, पट्टा लागू पडला हो तुम्हाला." आई मान ताठ करून म्हणायची, "माझ्या मोठीने आणलाय."

हे वाक्य जरा परत वाच. "माझ्या मोठीने." आपल्या घरात "माझी धाकटी" हे रोजचं होतं. धाकटीचं अक्षर, धाकटीची नोकरी, धाकटी परगावी एकटी राहते. मी तक्रार करत नाही, तू कर्तबगार आहेसच. पण पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नावाने मान ताठ केली, आणि मला ते आवडलं. फार आवडलं. हे तुला तोंडावर कधीच सांगितलं नसतं.

आता टेपचं सांगते. मधे उठून जाऊ नकोस.

कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात, माझ्या आधी पट्टे दाखवायला असलेल्या बाईंनी मला मोजायला शिकवलं. त्याला आम्ही "बोट आत, बोट बाहेर" म्हणतो. गिऱ्हाईक आलं की यंत्र लावायच्या आधी पहिलं माप. स्वेटर अंगावर असू द्यायचा. "मोठा श्वास घ्या" म्हणायचं, आणि टेप गुंडाळताना आपलं एक बोट टेपखाली ठेवायचं. वीस मिनिटं पट्टा. गरम होतं म्हणून माणूस स्वतःहूनच स्वेटर काढतो. मग दुसरं माप. आता काहीतरी विचारायचं, कुठून आलात, मुलं किती. बोलताना श्वास सुटतो. टेप अंगासरशी धरायची, आणि बोट बाहेर. अडीच-तीन सेंटिमीटर कुठे गेले नाहीत. माणूस स्वतः वाकून आकडा वाचतो. आम्ही एक शब्द खोटा बोलत नाही, म्हणून झोपही लागते.

आठ वर्षं दिवसाला दहा-बारा माणसं. हात आता माझा राहिलेला नाही. ऑक्टोबरात पहिल्या रविवारी आईला मोजलं तेव्हा बोट आत होतं, दुसऱ्या रविवारी बाहेर. मी ठरवून केलं नाही, आपोआप झालं. टेपवर आकडा कमी दिसला तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी आईकडे बघितलं. ती उठून वही शोधायला गेली. जुनी पार्सलांची कोरी वही होती तिच्याकडे, रेघा मारलेली. तारीख, वजन, कंबर, शेरा. शेऱ्यात लिहिलं, "समाधानकारक." त्या दिवशी तिने आम्हा दोघींना अंडी उकडली आणि कितीतरी महिन्यांनी साहेबांच्या नकला करून दाखवल्या, ते पोस्टमास्तर, ते शिक्का हरवणारे. मी हसून हसून दमले. मग बोलायचं कसं, "आई, थांब, पुन्हा मोजू"?

पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. तिला स्वतःला टेपवरचा आकडा दिसायचा नाही, पोट आड यायचं, त्यामुळे मी वाचायची आणि ती लिहायची. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही येणार नाही. तिच्या खिडकीवर कुणी ओळखीचा म्हणून पाच ग्रॅम सोडायला सांगितलं तर ती पार्सल परत सरकवायची. तिला वाटतं, माप घेणारा माणूस माप घेतो, बस.

तर, मला दिसलं नाही असं नाही. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

आता त्या वहीचं. ती डॉक्टरबाईंच्या टेबलावर आहे. त्यांना वाटतंय की ऑक्टोबरपासून कंबर सारखी कमी होत आली आणि मग एकाएकी पोट फुगलं. स्कॅनमध्ये मात्र त्यांना गाठ जुनी वाटते. काल कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "मला या दोन्ही गोष्टींचा मेळ लागत नाहीये." आधी शस्त्रक्रिया करायची की आधी औषधं द्यायची, ते बरंचसं हे किती जोरात वाढलंय त्यावर ठरतं म्हणे. गुरुवारी त्यांची आणि दुसऱ्या दोन डॉक्टरांची बैठक आहे, त्यात ठरेल.

म्हणजे गुरुवारच्या आत मला सांगावं लागणार. तेही डॉक्टरबाईंना एकट्या गाठून जमलं तर बरं. आज राउंडला आल्या, मी तोंड उघडलं, आणि आई खाटेवरून माझ्याकडे बघत होती. मी पाण्याची बाटली भरायला निघून गेले. बाटली भरलेलीच होती.

मला भीती वाटते, धाकटे. गाठीची आहेच, पण तिच्या तोंडाकडे बघायची जास्त वाटते.

तुझी,
ताई


१४ मार्च, सकाळ, घर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं पत्र अजून आलं नाही. आलं असतं तरी मी आधी हेच लिहिलं असतं.

बुधवारी दुकानात माझी ती झोपाळू बाई आली. मी पहिलं माप घेतलं आणि माझं बोट टेपखाली आहे हे मला दिसलं. काढून टाकलं. स्वेटर उतरवायला सांगितलं. वीस मिनिटांनी दुसरं माप घेतलं, तोच आकडा. ती म्हणाली, "आज यंत्र बिघडलंय का?" मी म्हटलं, "यंत्र ठीक आहे. याने एवढंच होतं." तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची खुर्ची ओढून घेतली. साहेबांनी ऐकलं. बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा हात बिघडलाय. आईचं आजारपण आहे, चार दिवस रजा घ्या." मी रजा घेतली. परत जाईन की नाही, माहीत नाही. जाईन बहुतेक, दुसरं काय येतं मला.

गुरुवारी सकाळी डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर आठ वाजल्यापासून उभी होते. त्या आल्याच नाहीत खोलीत, थेट वॉर्डात गेल्या. मी पोचले तेव्हा आईच्या खाटेवर बसून वही उघडली होती. आईने चष्मा लावला होता. तिचं जुनं ऑफिस भरल्यासारखं दिसत होतं.

"मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या वहीप्रमाणे पंधरा फेब्रुवारीला कंबर शहाऐंशी. इथे आलात तेव्हा एकशे सात. बारा दिवसांत एकवीस सेंटिमीटर. हे खरं असेल तर गोष्ट फार वेगाने वाढतेय, मग मी लगेच शस्त्रक्रियेला हात घालणार नाही. मापात काही चूक होऊ शकते का?"

आई म्हणाली, "छे. माझी मोठी मोजते. तिचं कामच आहे ते."

असं बोलली, आणि माझ्यासाठी खाटेवर जागा केली.

धाकटे, मी तुला गेल्या पत्रात सगळं सांगितलं नव्हतं. बोटाचं सांगितलं, कारण ते सांगता येतं. हाताची सवय म्हटलं की अर्धी माफी होऊनच जाते. पण बोटाने अडीच-तीन सेंटिमीटर जातात, जास्त नाही. नोव्हेंबर उलटला तसं बोट बाहेर काढूनही टेप वरचाच आकडा दाखवायला लागली. टेप खोटं बोलेना, तेव्हा मी बोलले. टेपवर अठ्ठ्याण्णव, मी वाचलं एक्क्याण्णव. पुढच्या रविवारी साडेनव्वद. मनात म्हणायची, वजन सुटलंय, थंडी आहे, फिरणं बंद आहे, दोन आठवड्यांत तिचा पाव कमी करू आणि आकडा जुळवून घेऊ. आजार माझ्या डोक्यात आला नाही. डिसेंबरात नाही आला. जानेवारीत टेपने शंभरी ओलांडली तेव्हा आला. आणि तेव्हा इतकी घाबरले की तोंड उघडायचा धीरच झाला नाही. काय सांगू, कुठून सांगू?

आणि हूक. तिच्या स्कर्टचे हूक लागेनात. ती म्हणाली, "आकडा कमी होतोय आणि कपडा घट्ट होतोय, असं कसं?" मग स्वतःच म्हणाली, "आटला असेल धुऊन." कपड्यावर नाही, आकड्यावर विश्वास तिचा. मी दुपारी ती झोपली की एकेक स्कर्ट घेऊन हूक पुढे सरकवून लावले. चारही स्कर्टांचे. दोनदा. ही काही हाताची सवय नव्हती, सुई-दोरा घेऊन बसले होते मी. तिने हूक लावून पाहिला आणि म्हणाली, "आता कसा बसला!"

तर खाटेशी उभी राहून मी म्हटलं, "वहीतले आकडे खरे नाहीत. मी चुकीचे वाचत होते. मुद्दाम."

डॉक्टरबाईंनी वहीची पानं मागे उलटून पहिल्या तारखेवर आणली. मग म्हणाल्या, "खरे आठवतात?"

आठवत होते. सगळे. पाच महिन्यांचा प्रत्येक रविवार. एकही आकडा मी विसरले नव्हते.

मी सांगायला लागले तर आई म्हणाली, "थांब." तिने डॉक्टरबाईंच्या हातातून वही घेतली, उशाखालचं पेन काढलं, रेघ मारून एक नवा रकाना केला. "हं. तारखेने सांग. हळू." मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. पाच ऑक्टोबर, चौऱ्याण्णव. बारा ऑक्टोबर, चौऱ्याण्णव. आकडे रकान्याच्या बाहेर गेले नाहीत. वीस रविवार. शेवटचा लिहून झाल्यावर तिने दोन्ही रकान्यांवरून बोट खालपर्यंत नेलं, आणि विचारलं, "आणि हूक?"

मी म्हटलं, "मीच."

तिने वही डॉक्टरबाईंना दिली. मला वाटलं रागवेल, रडेल, निदान विचारेल की का. तिने चष्मा काढून डबीत ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून पडून राहिली.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर नेलं. चांगल्या आहेत, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, या आकड्यांनी स्कॅनचा अर्थ लागतो. सावकाश वाढलेलं दिसतंय. नंतर बैठकीतही तेच ठरलं, आधी शस्त्रक्रिया, मग औषधं. चोवीस तारखेला. मी विचारलं, डिसेंबरात आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सोपं गेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते." मी विचारलं, आता? "आता अवघड आहे. हातातून गेलेलं नाही."

तुला हे जसंच्या तसं लिहिलंय. यात मी काही कमीजास्त केलेलं नाही. पण तू तरी माझ्यावर विश्वास का ठेवावास? डॉक्टरबाईंचा नंबर दवाखान्याच्या कागदावर आहे, कागद सोबत ठेवलाय. फोन करून खात्री करून घे. मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण कर.

काल संध्याकाळचं लिहायचं राहिलं. तिथे रोज सहाला पोटाचा घेर मोजतात, पाणी पुन्हा भरतंय का ते बघायला. नर्स एकटी होती, तीन खाटांवर एकदम हाका. तिने टेप माझ्याकडे दिली, म्हणाली, "ताई, तुम्हाला येतं ना, तेवढं घ्या, मी आलेच." मी टेप उलगडली. आईने पांघरूण दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"तिच्या हातून नको," ती नर्सला म्हणाली. माझ्याशी नाही बोलली, नर्सशी बोलली.

नर्स बिचारी कानकोंडी झाली. टेप घेतली, मोजलं, आकडा मोठ्याने वाचला. आईने तो दोनदा म्हणून घेतला. मी बाहेर येऊन बाकावर बसले. आता सहाला मी बाहेरच बसणार.

तसं ती मला घालवून देत नाही. पाणी दिलं तर पिते. केस विंचरू देते. "गुडघा कसा आहे?" विचारते. पण मी काही सांगितलं की ऐकून घेते आणि नर्स आली की तेच तिला विचारते. आज दूध आहे का. बाहेर पाऊस आहे का. माझ्यासमोर विचारते गं, लपवूनसुद्धा नाही. माझ्यावर रागावली असती तर सोसलं असतं. हे सोसवत नाही. मी तिला पाच महिने आनंदात ठेवलं असं मला वाटत होतं, आणि तिच्या त्या सगळ्या आनंदाचं मी आता काय केलं, ते तिलाही कळत नाहीये आणि मलाही.

चोवीसच्या आधी तू यायला हवंस. परीक्षा असोत की काही असो. तुझ्याशी मी यापुढे भांडणार नाही असं म्हणत नाही, पण ये. शस्त्रक्रियेच्या आधी तिच्याजवळ असं कुणीतरी बसायला हवं, ज्याचं बोलणं तिला दुसऱ्याकडून ताडून घ्यावं लागणार नाही. मी ते माणूस राहिले नाही.

काल निघताना मी तिला म्हटलं, "धाकटीला लिहितेय, ती येईल." तिने डबीतून चष्मा काढून लावला. मग म्हणाली, "तिच्या अक्षरात दाखव."

म्हणून येणार असशील तर तिच्या नावाने वेगळं चार ओळींचं पत्र लिही. माझ्या पाकिटात घालू नकोस. दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव, आणि नीट चिकटव. मी ते उघडलेलं नाही, हे तिला दिसायला हवं.

तुझी, अजून म्हणवून घेत असशील तर,
ताई